पशुविकृतीशास्त्रात एम.व्ही.एस्सी. : खानदेशातील आपल्या तरुणांसाठी माहिती आणि एक जुना प्रश्न



बारावी विज्ञानाचा निकाल लागला की जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरकडच्या आपल्या वस्त्यांत दोनच शब्द ऐकू येतात : एमबीबीएस आणि इंजिनिअरिंग. नीटमध्ये एमबीबीएस हुकले की बीएएमएस, बीएचएमएस, नाहीतर आणखी एक वर्ष रिपीट. त्याच नीटच्या गुणांवर पशुवैद्यकाची पदवी मिळते, हे अनेक घरांत माहीत नसते. त्या पदवीनंतर करता येणारे पशुविकृतीशास्त्र, म्हणजे व्हेटर्नरी पॅथॉलॉजी, तर नावानेही ओळखीचे नसते. या लेखात आम्ही ही वाट सुरुवातीपासून मांडत आहोत. या विषयाचे नाव काढले की आपल्याच घरांतून जो आक्षेप येतो, त्यालाही उत्तर देत आहोत.

हे शास्त्र काय करते?

जनावर आजारी का पडले, कशाने मेले आणि आजाराने त्याच्या अवयवांत काय बदल झाले, याचा शोध घेणारे हे शास्त्र आहे. शवविच्छेदन हा त्याचा एक भाग. काढलेले नमुने १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवायचे, मेणात बसवून त्यांचे केसाहून पातळ काप घ्यायचे, काचपट्टीवर रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचे, हा दुसरा भाग. जिवंत जनावराचे रक्त, लघवी, गाठीतील पेशी तपासणे हेही त्यातच येते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूतील नेग्री बॉडी ओळखणे, कोंबडीच्या मरतुकीमागे राणीखेत आहे की गंबोरो हे सांगणे, शेळीचा मृत्यू पीपीआरने झाला की विषबाधेने हे ठरवणे, अशी ही कामे.

कधी कापू नये, हे कळणेही याच शास्त्रात येते. जनावर अचानक मेले, पोट फुगले आणि नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त आले, तर फाशी म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय घेतात. असे जनावर फाडायचे नसते. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर तपासतात. अशा जनावराचे कातडे सोलणाऱ्या माणसाला काळपुळी होऊ शकते.

खानदेशाने हे काम जवळून पाहिले आहे

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या पोल्ट्री फार्मांत कोंबड्या मरू लागल्या. १९९८ पर्यंत नवापूर धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. नमुने भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला निदान जाहीर झाले : एच५एन१, बर्ड फ्लू. भारतातील ही पहिली नोंद. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील मारूळ, सावदा परिसरातही हा रोग आढळला. लाखो पक्षी नष्ट करावे लागले. नुकसान मोठे झाले, पण कोणत्या गावात काय करायचे हे निदानानंतरच ठरवता आले.

४ ऑगस्ट २०२२ रोजी रावेर तालुक्यातील चिनावलला लम्पी चर्मरोगाचे जनावर आढळले. त्या साथीतील महाराष्ट्रातील ही पहिली नोंद होती. अंगावर गाठी दिसल्या म्हणजे लम्पीच, असेही नसते. एका हर्पिस विषाणूमुळेही तशाच दिसणाऱ्या गाठी येतात. फरक प्रयोगशाळेत कळतो. त्या साथीत शासनाने मृत गाईसाठी ३०,००० रुपये, बैलासाठी २५,००० आणि वासरासाठी १६,००० रुपये मदत दिली. जनावर कोणत्या रोगाने मेले हे कागदावर आल्याशिवाय अशी मदत मिळत नाही. विम्याचा दावाही शवविच्छेदनाच्या अहवालावर उभा राहतो. एका म्हशीवर किंवा चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन कुटुंबासाठी हा कागद किती मोलाचा असतो, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको.

“शिकून-सवरून पुन्हा मेलेली ढोरंच का?”

हा आक्षेप खोटा नाही. मेलेले जनावर ओढणे हे काम आपल्या आजोबा-पणजोबांच्या माथी जन्माने मारले गेले होते. त्याला ना मजुरी होती ना नकाराचा हक्क. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्यास सांगितले आणि सवर्णांनी आपली मेलेली जनावरे स्वतःच उचलावीत, असा ठराव त्या परिषदेत झाला. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. हे काम टाकून देणे हा आपल्या स्वाभिमानाचा इतिहास आहे. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना झालेली मारहाणही आपण विसरलेलो नाही.

मग हा विषय कशाला घ्यायचा? आमचे म्हणणे असे. बाबासाहेबांनी लादलेले काम सोडायला सांगितले आणि शिक्षण घ्यायला सांगितले. पूर्वी जनावर ओढणाऱ्याला ते कशाने मेले हे विचारण्याचा अधिकार नव्हता. त्यातून येणाऱ्या रोगाची जोखीम मात्र त्याचीच होती. आज हा प्रश्न विचारणारा पदवीधर असतो, हातमोजे आणि मास्क घालून काम करतो, पगार घेतो आणि अहवालाखाली स्वतःची सही करतो. त्या सहीवर शासन, विमा कंपनी आणि बाजार चालतो. ज्यांना हे काम पिढ्यान् पिढ्या सक्तीने करावे लागले, त्यांच्याच मुलांनी त्यातल्या ज्ञानापासून मात्र दूर राहावे, हे आम्हाला पटत नाही.

त्याचबरोबर कोणी प्राध्यापक किंवा अधिकारी “तुमच्याकडच्यांना याची सवय असते” अशा भावनेने आपल्या मुलाला या विषयाकडे ढकलत असेल, तर त्याला ठाम नकार द्यावा. शल्यचिकित्सा, औषधशास्त्र, प्रजननशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषयही आपलेच आहेत. आवड असेल तरच पॅथॉलॉजी घ्या. लाजेपोटी ती सोडू नका.

पहिली पायरी : बी.व्ही.एस्सी. ॲण्ड ए.एच.

एम.व्ही.एस्सी.साठी ही पदवी लागतेच. प्राणिशास्त्रातील बी.एस्सी. किंवा पशुसंवर्धनाची पदविका यांवर पशुविकृतीशास्त्राच्या एम.व्ही.एस्सी.ला प्रवेश मिळत नाही. पदवी साडेपाच वर्षांची आहे, त्यात शेवटचे एक वर्ष आंतरवासिता म्हणजे इंटर्नशिप. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, आणि नीट द्यावी लागते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण पदवीचे शिक्षण इंग्रजीतून चालते. त्याची तयारी अकरावीपासूनच ठेवा.

महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या, म्हणजे माफसूच्या अखत्यारीत आहे. मुंबईचे महाविद्यालय सर्वांत जुने, १८८६ चे. त्याशिवाय नागपूर, परभणी, उदगीर, साताऱ्याजवळचे शिरवळ आणि अकोला. भुसावळ-जळगावकडच्या विद्यार्थ्यासाठी अकोला थेट रेल्वेमार्गावर आहे. धुळ्याच्या विद्यार्थ्याला चाळीसगावला येऊन मुंबई किंवा नागपूरची गाडी धरता येते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एमबीबीएसचा अर्ज वेगळा आणि माफसूचा अर्ज वेगळा. एक भरला म्हणजे दुसरा आपोआप भरला जात नाही. शिवाय प्रत्येक महाविद्यालयातील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भारतीय पशुवैद्यक परिषद भरते, त्याचीही नोंदणी स्वतंत्र असते.

दुसरी पायरी : एम.व्ही.एस्सी.

हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यात प्रबंध लिहावा लागतो. प्रवेशाच्या दोन वाटा आहेत.

पहिली, माफसूची स्वतःची पदव्युत्तर प्रवेश प्रक्रिया. दुसरी, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएआरची अखिल भारतीय परीक्षा, एआयईईए-पीजी. या दुसऱ्या वाटेने देशातील कृषी व पशुविज्ञान विद्यापीठांतील काही जागा आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतील, म्हणजे आयव्हीआरआयमधील जागा मिळतात. चांगली रँक आली तर दरमहा शिष्यवृत्तीही मिळते. आयव्हीआरआयची सुरुवात १८८९ मध्ये आपल्या पुण्यात झाली होती. पुढे ती उत्तराखंडातील मुक्तेश्वरला आणि नंतर इज्जतनगरला गेली.

विषय रँक आणि पसंतीक्रमानुसार मिळतो. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी त्या विभागात कोण मार्गदर्शक आहेत, शवविच्छेदनाला वर्षभर पुरेशी प्रकरणे येतात का आणि ऊतींचे काप करण्याची यंत्रणा चालू आहे का, हे तिथल्या सीनिअर विद्यार्थ्यांना विचारा. पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून विभागात जाऊन काचपट्ट्या पाहायची सवय लावली तर पुढे जड जात नाही. प्रबंधासाठी आपल्या भागातले प्रश्नही पुष्कळ आहेत. बुरशी लागलेल्या मक्यातून किंवा सरकी पेंडेतून जाणाऱ्या अफ्लाटॉक्सिनने जनावरांच्या यकृतावर होणारा परिणाम हा त्यापैकी एक.

पीएच.डी.साठीही माफसूची आणि आयसीएआरची, अशा दोन्ही वाटा आहेत.

दाखल्यांची तयारी आधी

राज्यात अनुसूचित जातींना नवबौद्धांसह १३ टक्के आरक्षण आहे, केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के. केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीनंतर लागू झाल्या. आयसीएआर आणि आयव्हीआरआयसाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो. राज्याचा दाखला जवळ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. दोन्ही दाखल्यांवर नाव, जातीचा उल्लेख आणि शाळेच्या दाखल्यावरील नोंदी एकमेकांशी जुळतात का ते आताच पाहा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच जिल्हा पडताळणी समितीकडे द्या. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ केली की हातची जागा जाते.

खर्च कसा भागवायचा?

कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप; दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. राहण्यासाठी समाजकल्याणची शासकीय वसतिगृहे आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेसाठी अर्ज करता येतो. पीएच.डी.साठी पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांना मिळते, आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी. अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. जळगाव आणि धुळ्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा.

पुढे काम कुठे?

पदवीवरच लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी होता येते. पॅथॉलॉजीत एम.व्ही.एस्सी. केल्यावर रोगनिदान प्रयोगशाळा, पुण्यातील औंधचा रोग अन्वेषण विभाग, लस उत्पादन, पोल्ट्री उद्योगातील प्रयोगशाळा ही क्षेत्रे उघडतात. नवे औषध माणसाला देण्याआधी प्राण्यांवर तपासले जाते. त्या प्राण्यांच्या अवयवांच्या काचपट्ट्या वाचणारे पॅथॉलॉजिस्ट औषध संशोधन कंपन्यांना लागतात. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे तर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची नेट परीक्षा याच विषयात देता येते. अमेरिकेत १९४९ पासून पशुविकृतीशास्त्रज्ञांचे स्वतंत्र महाविद्यालय आहे. तेथे मान्यताप्राप्त प्रशिक्षणानंतर त्याची परीक्षा देता येते.

या शास्त्राचा आवाका मोठा आहे. भारतीय उपखंडातील गिधाडे का संपत चालली, याचे उत्तर मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनातून मिळाले. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन मूत्रपिंडे निकामी करत होते. २००४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली.

कार्यकर्त्यांना आमची विनंती

दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या १९३७ च्या भेटीच्या स्मरणार्थ हजारो लोक जमतात. तिथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल प्रवेश मार्गदर्शनाचे असावे. माफसूच्या अर्जाची तारीख, दोन्ही दाखल्यांचे नमुने आणि शिष्यवृत्तीची कागदपत्रे यांचे एक पान छापून वाटले तरी पुष्कळ काम होईल. तालुक्यातील विहारांत अकरावीच्या मुलामुलींची यादी करा, त्यांच्यापैकी कोणाकडे जात वैधता नाही ते पाहा आणि ती मिळेपर्यंत पाठपुरावा करा. आपल्या समाजातील जे पशुवैद्यक आज सेवेत आहेत, त्यांना वर्षातून एकदा विहारात बोलवा. मुलांना काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक प्रत्यक्ष पाहू द्या. घरातल्या आजीलाही सोबत आणा, कारण “पुन्हा ढोरंच का?” हा प्रश्न बहुधा तीच विचारणार आहे आणि उत्तर ऐकण्याचा पहिला हक्कही तिचाच आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.