उचलीचें बंधन

काम नकोसें झालें म्हणजे तें सोडून द्यावें, हा उपदेश ऐकावयास सोपा वाटतो. तो करणारा मनुष्य बहुधा अशा घरांतला असतो, कीं जेथें चार महिन्यांची बेगमी कणगींत असते. ज्याच्या कणगीचा तळ सुगी संपतांच दिसूं लागतो, त्याच्यापुढें जाच सोसावा कीं नाहीं हा प्रश्न उभाच राहत नाहीं. तो कसा सोसावा, एवढाच प्रश्न उरतो. महाराष्ट्रांत या प्रश्नाचें उत्तर लाखो माणसें दरसाल दिवाळीपासून चैत्रापर्यंत हातांत कोयता धरून शोधीत असतात.

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या वाटेवर, कागल तालुक्यांत, बिद्री हें गांव लागतें. येथील दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचें नांवच सांगतें, कीं हा मुलूख दोन नद्यांच्या पाण्यावर पोसलेला आहे. शाहू छत्रपतींनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं भोगावतीवर राधानगरीचें धरण हातीं घेतलें, आणि पुढें दूधगंगेवर काळम्मावाडीचें धरण झालें. नद्यांवर जागोजागीं बंधारे पडले, आणि या खोऱ्यांतील शेतांस बारमाही पाणी मिळूं लागलें. पाण्याबरोबर ऊंस वाढला. पूर्वीं तो गुऱ्हाळांत जाई. गुऱ्हाळाची भूक बेताची. घरचीं चार माणसें व शेजारचीं चार मिळून तोड उरकीत, आणि रस कढूं लागला म्हणजे कामाला थोडी उसंत मिळे. कारखान्याचें तसें नाहीं. त्याला रोज हजारों टन ऊंस लागतो, आणि तोही ताजा. कारण तोडलेला ऊंस जसजसा वाळतो तसतसें त्याचें वजन घटतें आणि साखरेचा उतारा कमी होतो. बॉयलर एकदां पेटला म्हणजे पट्टा पडेपर्यंत तो थांबवणें परवडत नाहीं. यंत्राची ही घाई फडांत उतरते आणि अखेर मजुराच्या मनगटावर येऊन बसते.

हीं मनगटें पुष्कळदां कोल्हापुरांतलीं नसतात. महाराष्ट्रांतला पहिला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरेच्या कांठीं सुरू झाला. त्यानंतर कारखान्यांची रांग लागली, आणि तोडणीसाठीं बालाघाटाच्या डोंगराळ, कोरडवाहू भागांतून माणसें येऊं लागलीं. बीड जिल्ह्यांतील पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, केज या तालुक्यांची जमीन हलकी आणि पाऊस बेभरंवशाचा. १९७२ च्या दुष्काळानें उरलीसुरली आशाही मोडली. तेव्हांपासून दसरा-दिवाळी झाली कीं गांवेंच्या गांवें ओस पडतात. मागें राहतात म्हातारीं माणसें आणि शाळेसाठीं ठेवलेलीं कांहीं मुलें.

या स्थलांतराच्या मुळाशीं उचल आहे. कारखान्याकडून वाहतूकदारास, त्याच्याकडून मुकादमास आणि मुकादमाकडून मजुरास हंगामापूर्वींच रक्कम दिली जाते. येथें हिशेब माणसाचा नसून कोयत्याचा असतो. एक कोयता म्हणजे एक जोडपें. एकटा मनुष्य हा अर्धा कोयता होय. उचल घेतली जाते ती मुलीच्या लग्नासाठीं, दवाखान्यासाठीं, बैलासाठीं किंवा निव्वळ पावसाळा निभावण्यासाठीं. म्हणजे मजुरी हातीं पडण्याआधींच खर्च झालेली असते, आणि पुढचे पांच-सहा महिने खर्चून गेलेल्या पैशांसाठीं राबावयाचें असतें. मध्येंच आजारानें वा अन्य कारणानें काम बुडालें, तर त्यास ‘खाडा’ म्हणतात. खाड्याच्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, शिवाय वर दंडही चढतो. हंगामाअखेर उचल फिटली नाहीं, तर बाकी पुढील सालच्या खात्यावर जाते आणि मनुष्यही तिच्यामागोमाग जातो.

ही युक्ति नवी नव्हे. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८५९ सालीं एक कायदा झाला होता. आगाऊ रक्कम घेऊन काम टाकणाऱ्या कारागिरास वा मजुरास त्या कायद्यान्वयें मॅजिस्ट्रेटपुढें उभें करतां येई. रक्कम परत कर, नाहीं तर काम पुरें कर, असा हुकूम होई, आणि तो न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. करार मोडणें हा वस्तुतः दिवाणी व्यवहार. परंतु मजुरानें मोडल्यास तो गुन्हा ठरे. हा कायदा रद्द करण्याचा ठराव व्हावयास १९२५ साल उजाडावें लागलें. त्याच काळांत उंसासाठींच कोंकणांतले मराठी मजूर मॉरिशसला गिरमिटावर जात. १८३४ पासून सुरू झालेल्या त्या पद्धतींत पांच वर्षांचा करार असे, आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. तेथील मळेवाल्याचा दुहेरी कपात आणि येथील मुकादमाचा खाडा यांच्यामध्यें एक समुद्र आणि शंभर वर्षें आहेत. परंतु हिशेबाची रीत एकच आहे. सुटीचें मोल इतकें वाढवून ठेवावें, कीं थकलेल्या मनुष्यास विश्रांतीपेक्षां काम स्वस्त वाटावें.

मग हीं माणसें हा भार सोसतात कशीं? त्यांचा पहिला आधार टोळीचा. टोळी बहुधा भावकीची, सोयऱ्यांची किंवा एकाच गांवची असते. एकाचा हात कापला, तर दुसरा त्याची मोळी बांधून देतो. एकीचें मूल रडूं लागलें, तर दुसरी त्यास पदराखालीं घेते. दुसरा आधार जोडीचा. पुरुष ऊंस तोडतो, स्त्री पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. दोघांपैकीं एक थांबला, तर दुसऱ्याचें काम अडतें; म्हणूनच या धंद्यांत दोघांस मिळून एक नांव मिळालें आहे. तिसरा आधार लहानसा, परंतु महत्त्वाचा. उंसाचे हिरवे शेंडे, ज्यांस वाढें म्हणतात, ते जनावरांच्या वैरणीसाठीं विकले जातात. मजुरी उचलींत वळती होत असतांना रोजचें मीठ-मिरची आणि तेल पुष्कळदां या वाढ्याच्या पैशांवर चालतें. मोठ्या हिशेबावर ज्याची सत्ता नाहीं, त्याला असा एखादा छोटा हिशेब स्वतःच्या हातीं असल्यानें धीर येतो.

पहाटे, दंव पडलें असतांनाच, कोपीपुढें चूल पेटते. दुपारच्या भाकरी सकाळींच थापल्या जातात. फडांत पाचटाची धार अंगावर ओरखडे काढते. गाडी भरली म्हणजे कारखान्याच्या वळणावर रांग लागते, आणि ती कधीं मध्यरात्रीपर्यंत हलत नाहीं. बैलांच्या मानेवरचें जूं निघतें, परंतु माणसाच्या मानेवरचें निघत नाहीं. कारण पहाटे पुन्हां फड आहेच. कांहीं ठिकाणीं तोडणीचीं यंत्रें आलीं आहेत. परंतु लहान तुकड्यांच्या शेतांत तीं सहजासहजीं फिरत नाहींत, आणि कोयता अद्यापि सुटलेला नाहीं.

परंतु सोसण्याची तारीफ करतांना तिची किंमत विसरतां कामा नये. पांचव्या महिन्यांतील गर्भवती मोळी वाहते, कारण खाडा परवडत नाहीं. फडांत आडोसा नाहीं आणि पुरेसें पाणी नाहीं. दुखणें अंगावर काढलें जातें आणि पुढें तें विकोपास जातें. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊंसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढें आला, तेव्हां शासनाच्या समितीपुढें आलेल्या पाहणींत ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. यांतील कित्येक जणी तरुण होत्या. दुखण्याची धास्ती, दवाखान्यांतून मिळणारा सल्ला आणि दर महिन्यास बुडणारी मजुरी, या तिन्हींच्या कात्रींत त्या सांपडल्या. मनुष्य काम सोडूं शकत नाहीं, तेव्हां तो शरीराचाच कांहीं भाग सोडून देतो, एवढा या आंकड्याचा अर्थ भयंकर आहे. सहनशक्ति हा सद्गुण खरा. परंतु तिच्यावरच सारा धंदा उभारला, तर ती सहन करणाऱ्याचाच घास घेते.

कायद्यानें या बाबतींत कांहीं पावलें टाकलीं आहेत. १९७६ सालीं वेठबिगारी नष्ट करणारा कायदा झाला, आणि कर्जापोटीं माणसास कामास जखडणें बेकायदा ठरलें. १९८२ सालीं आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्याहून मूलगामी तत्त्व मांडलें. सक्ति ही केवळ लाठीची वा तुरुंगाची नसते. भूक आणि दारिद्र्य यांमुळें दुसरा मार्गच न उरणें, हीही सक्तीच होय, असा त्या निकालाचा आशय आहे. ‘त्यानें आपखुषीनें अंगठा उठवला’ या जुन्या सबबीस त्या दिवशीं मोठा तडा गेला. परंतु निकाल दिल्लीस लागतो आणि उचल बालाघाटाच्या कुशींत वांटली जाते. मधलें अंतर कागदानें तुटत नाहीं.

तें थोडेंबहुत तुटलें, तें मजुरांनींच एकत्र येऊन थांबण्याचें ठरवलें तेव्हां. एकटा कोयता थांबला, तर खाडा पडतो. सारे कोयते हंगामाच्या तोंडाशीं थांबले, तर मात्र घाई कारखान्यास होते. कारण ऊंस फडांत उभा असतो आणि बॉयलर पेटावयाचा असतो. अशा संपांतून आणि त्यांच्यामागून झालेल्या वाटाघाटींतून तोडणीचे दर वेळोवेळीं वाढले. ऑक्टोबर २०२० मध्यें १४ टक्के वाढ मान्य झाली, आणि जानेवारी २०२४ मध्यें ३४ टक्के. ऊंसतोड कामगारांसाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाचें कल्याण महामंडळ उभें राहिलें, आणि मुलांनीं आईबापांबरोबर फडोफडीं भटकूं नये म्हणून संत भगवानबाबांच्या नांवानें वसतिगृहांची योजना निघाली. यांतील पुष्कळ गोष्टी अपुऱ्या आहेत; तथापि मूल शाळेंत राहिलें, तर पुढच्या पिढीचा एक कोयता कमी होतो, हें त्या आईबापांस कोणी शिकवावें लागत नाहीं.

चैत्राचें ऊन तापूं लागलें म्हणजे कारखान्याचा पट्टा पडतो. धुरांडें थंड होतें, कोप्या मोडल्या जातात, आणि भांडींकुंडीं, कोंबड्या नि निजलेलीं मुलें घेऊन वाहनें पूर्वेकडे वळतात. मुकादमाच्या वहींत त्या दिवशीं शेवटची बेरीज होते. ज्याची उचल फिटली, तो येत्या दसऱ्यास मुकादमापुढें ताठ मानेनें बसूं शकतो. ज्याची फिटली नाहीं, त्याचा पुढला हंगाम आजच लिहिला गेलेला असतो. काम सोडण्याची मुभा असणें, ही चैन नसून स्वातंत्र्याची पहिली पायरी आहे. ती ज्यास लाभली आहे, त्यानें चहांत साखर ढवळतांना, ती ज्यास लाभली नाहीं त्याच्या हिशेबाची एकवार आठवण ठेवावी.