अर्धा काळा दिवा : कोकणच्या घाटांतील हेडलाइटचा इतिहास

रत्नागिरीहून रात्री कोल्हापूरला निघालेली जुनी प्रीमिअर पद्मिनी साखरपा ओलांडून आंबा घाट चढू लागते, तेव्हा तिच्या दोन गोल दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडतो की नाही, असा प्रश्न आत बसलेल्यांना पडतो. वळणावर वेग कमी होतो, इंजिनाचे फेरे उतरतात आणि दिवा पिवळा, मग तांबूस होत जातो. पावसाळा असेल तर धुके सुरू होते आणि मग उरते ती केवळ कडेच्या कठड्याची पांढरी रेघ, तीही रंगवलेली असेल तर.

जुन्या गाडीचा मंद हेडलाइट हा तिच्या मालकाच्या गरिबीचा किंवा आळसाचा परिणाम समजला जातो. वस्तुस्थिती वेगळी आहे. त्या मंद उजेडामागे सव्वाशे वर्षांचे तंत्रज्ञान, स्वातंत्र्योत्तर आयात धोरण, दोन युद्धांतले ब्लॅकआउट आणि कोकणची खारी हवा एवढे सगळे आहे. हा धागा त्याविषयी.

मुंबईत मोटार आली ती १८९८ च्या सुमारास. त्या काळच्या मोटारींना आजच्या अर्थाने हेडलाइट नव्हते. बग्गीवरचे तेलाचे कंदील मोटारीवर चढले. ते समोरचा रस्ता दाखवण्यासाठी नव्हते, तर समोरच्याला ‘गाडी येते आहे’ हे कळवण्यासाठी होते. वेग वाढला तसा हा भेद महत्त्वाचा ठरला. दिसणे आणि पाहणे या दोन निराळ्या गरजा आहेत आणि हेडलाइटचा पुढचा सगळा इतिहास त्यांच्या भांडणाचा आहे.

तेलानंतर आला कार्बाइडचा दिवा. एका डब्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे, वर पाण्याची टाकी, पाण्याचे थेंब खड्यांवर पडले की ॲसिटिलीन वायू तयार होई आणि तो नळीने दिव्यात जाऊन जळे. उजेड पांढराशुभ्र, वास मात्र लसणासारखा उग्र. रत्नागिरीकरांना हा पदार्थ अनोळखी नाही. आंबा लवकर पिकवण्यासाठी ज्याचा गैरवापर झाला आणि ज्यावर अन्नसुरक्षा कायद्याने बंदी आहे, तेच हे कार्बाइड. आढीत जे फळ पिकवते तेच एके काळी मोटारीचा रस्ता उजळत होते. गैरसोयी मात्र पुष्कळ. पाण्याची धार कमी-जास्त झाली की ज्योत फडफडे, तोटी काजळीने बुजे आणि चालकाला खाली उतरून काडी ओढावी लागे.

विजेचा दिवा व्यवहारात आणण्यातली अडचण बल्बची नव्हती, वीज कुठून आणायची याची होती. अमेरिकेत १९१२ च्या कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले. जर्मनीत बॉशने १९१३ मध्ये डायनॅमो, रेग्युलेटर आणि हेडलाइट असा संपूर्ण संच बाजारात आणला. गाडी चालली की वीज तयार होणार आणि बॅटरीत साठणार. सोय मोठी होती. पण गाडी मंद चालली की डायनॅमोही मंद, हा दोष त्यातच होता. आंबा घाटात तांबूस होणारा दिवा त्या दोषाचाच वंशज.

उजेड वाढताच दुसरी तक्रार उभी राहिली : समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. त्यावर १९२५ च्या सुमारास एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवण्याची युक्ती निघाली. एक तार लांबच्या झोतासाठी, दुसरी जवळच्या. आपण ज्याला ‘अप्पर’ आणि ‘डिपर’ म्हणतो ते हेच. जीपमध्ये आणि जुन्या ॲम्बेसेडरमध्ये डिपरचे बटण पायाशी, क्लचच्या डावीकडे असे. ट्रकच्या मागे रंगवलेले ‘यूज डिपर ॲट नाइट’ हे वाक्य भारतातल्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या वाक्यांपैकी एक असावे. त्याचे पालन किती झाले हा निराळा विषय.

ही दोन तारांची युक्ती नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढची एक मोठी गंमत तिच्यावर उभी आहे. हेडलाइटचा रिफ्लेक्टर वाटीसारखा असतो. लांबच्या झोताची तार वाटीच्या बरोबर केंद्राशी असते. तिचा प्रकाश सरळ, समांतर जातो. डिपरची तार केंद्राच्या थोडी पुढे असते आणि तिच्याखाली धातूची एक लहानशी पळी असते. ही पळी खाली जाणारा प्रकाश अडवते. म्हणजे डिपरच्या वेळी वाटीचा केवळ वरचा अर्धा भाग वापरला जातो आणि तिथून परतणारा प्रकाश खाली, रस्त्याकडे झुकतो.

आता भारतातली जुनी छायाचित्रे आठवावीत. बस, ट्रक, टॅक्सी, अनेकांच्या हेडलाइटच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने माखलेला. काहींच्या मधोमध काळा ठिपका. दुसऱ्या महायुद्धात ब्लॅकआउटसाठी दिवे झाकण्याची पद्धत जगभर होती. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईसह पश्चिम किनाऱ्यावर तीच परत आली. विमानातून दिसू नये म्हणून घरांच्या काचांना काळे कागद आणि गाड्यांच्या दिव्यांना काळा रंग. युद्ध संपले, रंग मात्र कित्येक गाड्यांवर कायम राहिला. आता त्याचे कारण बदलले होते : समोरच्याचे डोळे दिपू नयेत.

हेतू चांगला, परिणाम नेमका उलटा. वाटीचा वरचा भाग ज्या काचेतून प्रकाश बाहेर टाकतो, तीच काच काळी केल्याने डिपरचाच उजेड बव्हंशी अडला. उलट खालची काच मोकळी राहिल्याने डोळे दिपवणारा लांबचा झोत निम्मा तरी शाबूत राहिला. सभ्यपणे डिपर देणाऱ्या चालकाला रस्ता दिसेना, म्हणून तो अप्परवरच गाडी चालवू लागला. एका ब्रशाने इतके उलटे काम क्वचितच झाले असेल.

जग तोवर पुढे गेले होते. अमेरिकेने १९४० पासून सात इंची गोल ‘सील्ड बीम’ प्रमाण मानला. त्यात काच, रिफ्लेक्टर आणि तार एकाच बंद कवचात असल्याने गंज आत शिरत नसे. युरोपने १९५७ मध्ये डिपरच्या झोताला कडेच्या बाजूला थोडा उंचावून पादचारी दिसण्याची सोय केली. १९६२ मध्ये पहिला हॅलोजन बल्ब आला, पण तो एका तारेचा. दोन तारांचा हॅलोजन, म्हणजे एच-४, येण्यास १९७१ साल उजाडले.

भारतातली मोटार या काळात जवळजवळ थिजली होती. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर सरकारने देशात उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना थारा दिला नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. उरलेल्यांत वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स होती. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फिॲट ११०० चे जे रूप निघू लागले, तेच १९७४ पासून ‘प्रीमिअर पद्मिनी’ या नावाने शतक सरेपर्यंत निघत राहिले. इंजिन १०८९ सीसीचे, गाडी दणकट, हेडलाइटची कल्पना मात्र हॅलोजनपूर्व काळातली. बल्ब ४५/४० वॉटचा. ग्राहक गाडीसाठी वर्षानुवर्षे रांगेत उभे असताना कारखान्याने दिवा सुधारावा, असे कोणतेही कारण नव्हते.

मुंबईत याने फारसे अडले नाही. तिथे रस्त्यावर दिवे होते. अडले ते कोकणात. रत्नागिरी जिल्ह्याचा खरा महामार्ग दीर्घकाळ समुद्र होता. बोट बंद झाली की पावसाळाभर घाटरस्ता आणि एसटी. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती १९९८ मध्ये. तोवर, आणि त्यानंतरही, कशेडी, भोस्ते, परशुराम, कुंभार्ली, आंबा ही नावे रात्रीच्या प्रवासाशी बांधलेली राहिली. गणपतीला येणारे चाकरमानी रात्री निघतात. हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात पहाटे पोचाव्यात म्हणून गाड्या रात्री सुटतात. वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस. खारी हवा रिफ्लेक्टरची झिलई खाते, पत्र्याला टेकवलेल्या अर्थच्या वायरीवर हिरवट-पांढरी बुरशी चढवते.

ओल्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, चालकाने अडथळा पाहिल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत, सुमारे ६० मीटर जाते. मंद डिपरचा उपयुक्त उजेड त्याच्या निम्म्यावर संपतो. उरलेले अंतर चालक अंदाजाने चालवतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि जयगड–मुंबई व राजापूर–बोरिवली या रत्नागिरी जिल्ह्यातून निघालेल्या दोन एसटी गाड्या अंधारात नदीत गेल्या. ती दुर्घटना हेडलाइटची म्हणता येणार नाही. दोष पुलाचा होता. पण पावसात, रात्री, उजेडाच्या पलीकडे काय आहे हे कळत नाही म्हणजे काय होते, हे कोकणाला त्या रात्रीइतके स्पष्ट कधी झाले नव्हते.

जुन्या गाडीचा दिवा सुधारण्याचा इतिहास कारखान्यात नव्हे, ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टपरीत घडला. पद्मिनी, ॲम्बेसेडर, जीप यांचे दिवे सात इंची गोल असल्याने एकाचे दुसऱ्यात बसत. जुन्या होल्डरात बसेल अशा बुडाचे, पण आत हॅलोजन असलेले बल्ब बाजारात आले. ६०/५५ वॉटचा बल्ब आंतरराष्ट्रीय नियमांत बसणारा; पण दुकानात मागणी १००/९० ची. ‘जास्त वॉट, जास्त उजेड’ हा हिशेब सोपा वाटतो.

तो फसतो. जुन्या गाडीत हेडलाइटची सगळी वीज बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत, तिथून डिपरच्या स्विचपर्यंत आणि मग पुढे दिव्यापर्यंत बारीक वायरीतून फिरते. १०० वॉटचे दोन बल्ब १६ ॲम्पिअरहून अधिक प्रवाह ओढतात. वायर तापते, स्विचचे पॉइंट जळतात, वास सुटतो. शिवाय वाटेत व्होल्टेज गळते. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १० टक्के व्होल्टेज गेले की सुमारे ३० टक्के उजेड जातो. म्हणजे मोठा बल्ब लावून मालक बॅटरी आणि वायरिंग दोन्ही जाळतो, आणि रस्त्यावर मिळते त्यापेक्षा फार कमी.

यावरचा उपाय, रिले, मोटारीपेक्षाही जुना आहे, तारायंत्राच्या काळातला. लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे हे यंत्र बॉनेटखाली बसवले की स्विचला केवळ इशारा द्यायचा असतो. दिव्याची वीज बॅटरीपासून जाड वायरीने, फ्यूजमधून, थेट दिव्याकडे जाते. अर्थची वायर घासून, नव्या बोल्टने कसली की पुष्कळ गाड्यांत जुनाच बल्ब ओळखू येत नाही इतका उजळतो. जाणता वायरमन म्हणूनच बल्बला शेवटी हात लावतो.

कायद्याची बाजूही पाहण्यासारखी आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दोन नियम शेजारी-शेजारी आहेत. नियम १०५ म्हणतो, दिव्यांमुळे १५५ मीटर पुढची माणसे व वाहने स्पष्ट दिसावीत. नियम १०६ म्हणतो, झोत कायमचा इतका खाली वळवलेला असावा की ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. तेच जुने भांडण, आता राजपत्रात. आजच्या बाजारात जुन्या वाटीत घुसवले जाणारे कित्येक एलईडी बल्ब पहिला नियम पाळल्याचा आभास निर्माण करून दुसरा मोडतात, कारण प्रकाशाचा उगम तारेच्या जागी नेमका येत नाही आणि झोत विखुरतो. धुक्यात तो विखुरलेला पांढरा उजेड चालकाच्याच तोंडावर परततो.

आखातातून आणलेल्या दिव्याविषयी एक सूचना. तिथे वाहतूक उजव्या बाजूने चालते, म्हणून तिथल्या काचेचा झोत उजवीकडे उंचावलेला असतो. तो आपल्याकडे लावला तर तो उंचावलेला भाग नेमका समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. बल्ब आणायला हरकत नाही. काच आणि रिफ्लेक्टर मात्र डाव्या वाहतुकीचेच हवेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी निघून गेली. हौशी मालकांकडच्या गाड्या अजून घाट चढतात. त्यांचे काम आजही त्याच क्रमाने होते : अर्थ घासणे, रिले, जाड वायर, काळवंडलेला रिफ्लेक्टर बदलणे, मग ६०/५५ चा बल्ब. शेवटी दिवेलागणीला गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करतात, मागच्या सीटवर कोणाला तरी बसवतात, खडूने रेघ मारतात आणि दिव्याच्या कडेचे दोन स्क्रू फिरवत डिपरची कड त्या रेघेच्या थोडी खाली आणतात.