पावसाला न घाबरणारी छत्री

गच्चीवरच्या डिशला आपल्याकडे 'छत्री' म्हणतात, आणि जोराची सर आली की आधी तीच हार मानते. गंमत अशी की भारतातल्या खेड्यांत उपग्रहावरून थेट आलेला पहिला टीव्ही पावसाला फारसा जुमानत नव्हता.

1 ऑगस्ट 1975 रोजी, ऐन पावसाळ्यात, 'साइट' नावाचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेचा एटीएस-6 हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता. सहा राज्यांतली सुमारे 2400 गावं निवडली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता, शेजारचे विजापूर आणि गुलबर्गा जिल्हे होते. प्रयोगाचे व्यवस्थापक मात्र मराठी, एकनाथ चिटणीस. गावात सगळ्यांसाठी मिळून एक संच आणि तीन मीटर रुंदीची छत्री, तीही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची!

जाळीवर भागलं कसं? लहर लांब होती म्हणून. 860 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी (उर्दूत तूल-ए-मौज) साधारण 35 सेंटिमीटर. जाळीची भोकं तिच्यापुढे नगण्य, आणि काही मिलिमीटरचा पावसाचा थेंबही नगण्य.

पुढे केबलवाल्यांच्या मोठ्या छत्र्या आल्या. त्यांची लहर सुमारे साडेसात सेंटिमीटरची, तीही पावसात बरी तग धरायची. घरोघरी लहान डिश बसवायची तर लहर आखूड हवी. ती सेवा सरकारने 1997 मध्ये बंदी घालून रोखली. कारण पाऊस नव्हतं, परदेशी वाहिन्यांची धास्ती होती. 2000 मध्ये परवानगी मिळाली. डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनची मोफत डिश आली.

ही लहर अडीच सेंटिमीटरची. मुसळधार पावसात थेंब तिची ताकद शोषतात, उरलेली इकडेतिकडे उधळतात. दीड-दोन हात रुंदीच्या डिशकडे मुळात शिल्लक थोडी. जुन्या टीव्हीवर अशा वेळी 'मुंग्या' यायच्या, तरी चित्र कळायचं. डिजिटलमध्ये ती मधली अवस्था जवळजवळ नाहीच. चित्र चौकोनी तुकड्यांत फुटतं आणि जातं. डिश थोडी सरकली असेल तर उन्हाळाभर कळत नाही, मृगाच्या पहिल्या सरीला कळतं. म्हणून सेट-टॉप बॉक्सवर 'स्ट्रेंथ'पेक्षा 'क्वालिटी'ची पट्टी पाहावी.

तरी मला हा सौदा तोट्याचा वाटत नाही. केबलची तार जिथे कधी पोचलीच नसती, अशा वाड्या-मोहल्ल्यांत या लहान डिशनेच मक्केतली तरावीह दाखवली.

आणि दोष ढगांचा नाही. नुसत्या ढगातून ही लहर जवळपास विनासायास येते. साधारण 2010 ते 2016 रमजान पावसाळ्यात येत होता. ढगांनी चंद्र झाकला की गच्चीवर उभं राहून उपयोग नसायचा, पण दुसऱ्या शहरात चांद दिसल्याची बातमी त्याच ढगांतून घरात पोचायची. नेमकी तेव्हाच जोराची सर आली, तर मशिदीच्या भोंग्याकडे कान लावून बसावं लागे.