अंडी काल होती, आज गायब! घरच्या फिश टँकमध्ये छोट्या सिक्लिडची पिल्लं जगवायची कशी?

रात्री दगडावर शे-दीडशे अंडी दिसतात. फोटो काढून स्टेटसला टाकला जातो. सकाळी उठून बघावं तर दगड एकदम साफ. मग आई-बापानेच अंडी खाल्ली असा निकाल लागतो आणि जोडी वेगळी केली जाते. रॅम, अपिस्टो, क्रिब यांसारखे छोटे सिक्लिड पाळणाऱ्यांची ही तक्रार ठरलेली असते.

गंमत म्हणजे, हे मासे पिल्लांची काळजी घेण्यासाठीच ओळखले जातात. गप्पी आणि मोली स्वतःचीच पिल्लं गिळतात, पण सिक्लिडची जोडी अंड्यांवर पहारा देते आणि पिल्लांना सोबत घेऊन फिरते. मग अंडी जातात कुठे? यातला बराचसा दोष माशांचा नसतो. तो पाण्याचा आणि आपल्या घाईचा असतो.

सिक्लिड म्हणजे कोणते मासे?

सिक्लिड हे माशांचं एक खूप मोठं कुटुंब आहे. त्यात आजवर 1700 हून जास्त जातींची नोंद झाली आहे. एंजल, डिस्कस, ऑस्कर हे टँकमधले ओळखीचे मासे याच कुटुंबातले. भिगवणला ताटात येणारी चिलापी म्हणजे तिलापिया, तीही सिक्लिडच. गोव्यातली काळुंदर, जिला केरळात करीमीन म्हणतात, ती तर अस्सल भारतीय सिक्लिड.

यातले साधारण 10 सेंटीमीटरच्या आत राहणारे मासे म्हणजे ड्वार्फ किंवा छोटे सिक्लिड. घरच्या टाकीत हेच मावतात आणि ब्रीडिंगही यांचंच जमतं.

सुरुवात कोणत्या जातीपासून करायची?

नवख्यांसाठी सगळ्यात सोपा मासा म्हणजे क्रिबेन्सिस, थोडक्यात क्रिब. हा मूळचा पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरिया आणि आसपासच्या भागातला. मादी नरापेक्षा लहान आणि गोल पोटाची असते. अंडी घालायची वेळ आली की तिचं पोट चेरीसारखं लाल होतं. थोडं इकडचं तिकडचं पाणी हा मासा चालवून घेतो.

दुसरा अपिस्टोग्रामा कॅकाटुइडिस, म्हणजे कॉकाटू अपिस्टो. हा दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. नराच्या पाठीवरचा पर काकाकुवाच्या तुऱ्यासारखा उभा राहतो, म्हणून हे नाव. अंडी घातली की मादी पिवळीधमक होते, अंगावर काळ्या खुणा उमटतात आणि ती नरालाही जवळ येऊ देत नाही.

तिसरा सगळ्यात देखणा, पण तितकाच नाजूक रॅम. व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या गवताळ सपाट प्रदेशात, ओरिनोको नदीच्या खोऱ्यात तो सापडतो. 1948 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. त्याला 27 ते 30 अंश इतकं गरम पाणी लागतं. दुकानात फोटो बघून बहुतेक जण आधी हाच उचलतात आणि तिथेच पहिली चूक होते.

कोणतीही जात घ्या, पण दुकानदाराने 'जोडी' म्हणून दिलेले दोन मासे शक्यतो घेऊ नका. पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवले की त्यातून जोडी आपली आपण जमते. अशी जमलेली जोडी जास्त टिकते.

टाकी कशी लावायची?

एका जोडीसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी पुरते. त्यात साधारण 55 लिटर पाणी बसतं. खाली बारीक वाळू, थोडी झाडं आणि लपायला जागा हवी. क्रिब आणि अपिस्टो गुहेच्या छताला अंडी चिकटवतात. त्यासाठी महागड्या गुहा विकत घ्यायची गरज नाही. मासा जाईल एवढी खाच पाडलेली नारळाची करवंटी किंवा आडवी ठेवलेली मातीची छोटी कुंडी झकास चालते. रॅम मात्र उघड्यावर, सपाट दगडावर अंडी घालतो.

फिल्टर स्पंजचाच घ्या. मोटारवाला पॉवर फिल्टर पिल्लं ओढून घेतो. लाइट जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवा.

नवी टाकी भरली आणि लगेच मासे सोडले, असं करू नका. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानात मिळणाऱ्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की मगच मासे आणा.

सगळा खेळ पाण्याचा का आहे?

रॅम आणि बऱ्याच अपिस्टोंच्या मूळ नद्यांमध्ये पाणी अगदी मऊ आणि किंचित आंबट असतं, म्हणजे क्षार कमी आणि पीएच 7 च्या खाली. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेकदा जड असतं. बादलीवर आणि नळावर पांढरा थर बसत असेल तर तुमचंही पाणी तसंच आहे. अशा पाण्यात मासे जगतात, अंडीही घालतात, पण अंडी नीट फळत नाहीत. ती पांढरी पडतात, त्यावर बुरशी येते आणि मेलेली अंडी आई-बाप खाऊन टाकतात, कारण बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवरही पसरते. म्हणजे आपण ज्याला गुन्हा समजतो, ती खरं तर साफसफाई असते.

उपाय फार अवघड नाही. आरओचं पाणी आणि नळाचं पाणी एकत्र करून क्षार कमी करता येतात. आरओ तपासायला वापरतात तोच टीडीएस मीटर इथे अंदाज देतो. नुसतं आरओचं पाणी मात्र वापरू नका, माशांना थोडे क्षार लागतातच. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे अँटी-क्लोरीन टाकल्याशिवाय ते टाकीत ओतू नका.

आणखी एक स्वस्त मदत म्हणजे देशी बदामाची पानं. ऑनलाइन ही पानं 'कॅटप्पा' नावाने पाकिटात विकली जातात. कोकणात आणि मुंबईच्या रस्त्यांवर याच झाडाची लाल पानं खाली पडलेली असतात. आपोआप गळून वाळलेली, औषधफवारणी न झालेली पानं धुऊन टाकली की पाणी कोऱ्या चहासारखं होतं. मऊ पाण्यात त्याने पीएच थोडा उतरतो आणि बुरशीलाही काहीसा आळा बसतो. जड पाणी मात्र केवळ पानांनी मऊ होत नाही.

अंडी गायब झाली म्हणजे खाल्लीच का?

नाही. पाण्याच्या तापमानानुसार दोन ते चार दिवसांत अंडी फुटतात. बाहेर येणारी पिल्लं पोहू शकत नाहीत, नुसती वळवळतात. आई-बाप त्यांना तोंडात धरून एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवतात, वाळूत केलेल्या खड्ड्यात लपवतात. बघणाऱ्याला वाटतं, गिळली! दगड रिकामा दिसला तरी जोडी एखाद्या कोपऱ्यात ठाण मांडून बसली असेल आणि जवळ येणाऱ्यावर धावून जात असेल, तर पिल्लं तिथेच आहेत असं समजा.

खरोखर खाल्ली असतील तर तीन कारणं तपासा. पहिलं, जोडी नवी आहे का? पहिल्या एक-दोन खेपा बऱ्याचदा वाया जातात. दुसरं, टाकीत काच साफ करायला ठेवलेला सकर आहे का? रात्री अंधारात तो अंड्यांवर ताव मारतो आणि नाव आई-बापाचं होतं. तिसरं, आपण स्वतः. दर तासाला टॉर्च मारणं, करवंटी उचलून बघणं, व्हिडिओसाठी काचेला मोबाइल चिकटवणं यामुळे मासे बिथरतात. धोका वाटला की ते अंडी संपवतात.

रॅमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. व्यावसायिक फार्मवर अंडी आई-बापांपासून काढून वेगळी वाढवली जातात. पिढ्यान्‌पिढ्या हे झाल्यामुळे अनेक रॅम पिल्लं सांभाळण्यात कच्चे निघतात.

पिल्लांना खायला काय द्यायचं?

फुटल्यावर पहिले चार-पाच दिवस काहीच नको. पिल्लांच्या पोटाला चिकटलेल्या पिशवीतलं अन्न त्यांना पुरतं. ती पोहायला लागली की त्याच दिवसापासून नुकतीच फुटलेली आर्टेमिया द्यावी लागते. एक लिटर पाण्यात साधारण 25 ग्रॅम मीठ, आर्टेमियाची चिमूटभर अंडी आणि एअर पंपचे जोरात बुडबुडे, एवढ्यावर 24 ते 36 तासांत ती तयार होते. पाणी 25 ते 28 अंश असावं. हा सेटअप पिल्लं पोहायच्या आदल्या दिवशीच लावा, कारण भुकेली पिल्लं फार वाट बघत नाहीत.

दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खाणं द्या आणि उरलेलं काढून टाका. रोज 10 टक्के पाणी बदला, पण नवं पाणी त्याच तापमानाचं हवं. अपिस्टोची मादी नराला मारत असेल तर नराला बाहेर काढा. लहान टाकीत त्याला पळायला जागा नसते.

सगळे नरच कसे निघाले?

हा प्रश्न उन्हाळ्यात जास्त ऐकू येतो. त्यामागे विज्ञान आहे. 1996 मध्ये उवे रोमर आणि वोल्फगांग बाइझेनहर्त्झ या संशोधकांनी अपिस्टोच्या 37 जातींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या 33 जातींत पिल्लं नर होणार की मादी, यावर पाण्याच्या तापमानाचा परिणाम दिसला. पाणी जितकं गरम, तितके नर जास्त. क्रिबमध्ये पीएचचा असाच परिणाम दिसतो, पाणी जास्त आंबट असेल तर नर वाढतात.

म्हणजे एप्रिल-मे मध्ये टाकीचं पाणी 30 च्या पुढे गेलं तर अपिस्टोच्या त्या खेपेत माद्या कमी असण्याची शक्यता मोठी. अपिस्टोसाठी 26 अंशांच्या आसपासचं पाणी धरून चालणं बरं. पंखा टाकीच्या पृष्ठभागावर सोडला तरी एक-दोन अंश उतरतात.

एवढ्या पिल्लांचं करायचं काय?

हा विचार अंडी येण्याआधीच करायला हवा. एका खेपेत अपिस्टोची 50-80, तर रॅमची 200 पर्यंत पिल्लं होऊ शकतात. 55 लिटरच्या टाकीत ती दोन महिन्यांच्या पुढे मावत नाहीत. ओळखीच्या दुकानदाराशी किंवा मासे पाळणाऱ्या मित्रांशी आधीच बोलून ठेवा. कुणीच घेणार नसेल तर गुहा आणि सपाट दगड काढून ठेवा, म्हणजे जोडीला अंडी घालायला सोयीची जागा उरत नाही.

जास्तीची पिल्लं तळ्यात, विहिरीत किंवा नदीत मात्र सोडू नका. तिलापिया हा बाहेरचा सिक्लिड 1952 मध्ये भारतात आणला गेला आणि आज तो देशभरातल्या धरणांत, तळ्यांत स्थानिक माशांच्या जागेवर आणि अन्नावर वाटा सांगतोय. टाकीतला मासा सुंदर असला तरी नदीसाठी तो पाहुणाच.

थोडक्यात, जोडी जमवणं आणि अंडी घालणं हे मासे स्वतः करतात. माणसाच्या वाट्याला येतं योग्य पाणी, वेळेवर आर्टेमिया आणि शांतता. पुढच्या वेळी दगड रिकामा दिसला तर जोडी वेगळी करण्याआधी पाणी तपासा, सकर बाहेर काढा आणि दोन दिवस लांबूनच बघा. कदाचित पिल्लं कोपऱ्यातल्या खड्ड्यात वळवळत असतील.