हिवाळ्यावर आळ

आपल्याकडे महाबळेश्वरच्या बाजूला मधपेट्या ठेवणाऱ्याला धास्ती असते पावसाळ्याची. बाहेर फुले नाहीत, माशीला उडायची सोय नाही. मग पेटीत साखरेचा पाक ठेवावा लागतो. इंग्लंडात हीच धास्ती हिवाळ्याची. तिथल्या माश्या थंडीत एकमेकींना बिलगून बसतात, अंग थरथरवून ऊब धरतात आणि साठवलेल्या मधावर दिवस काढतात. वसंतात पेटी उघडावी, तर कधी आत सारे सामसूम! माणूस म्हणतो, थंडीने घात केला.

इतिहास मात्र निराळे सांगतो. १९०६ साली इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर माश्या उडेनाशा झाल्या. पेटीपुढच्या गवतात सरपटत मरू लागल्या. साथ पुढे मुख्य भूमीवर पसरली. परसात दोनचार पेट्या बाळगणाऱ्यांची घरे ओस पडली. डेव्हनमधील बकफास्ट मठात ४६ पेट्यांपैकी १६ च उरल्या. १९२१ मध्ये ॲबर्डीनच्या जॉन रेनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशीच्या श्वासनलिकेत एक सूक्ष्म कोळी सापडल्याचे प्रसिद्ध केले. लोकांना वाटले, चोर मिळाला! पण १९६३ साली लेस्ली बेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी माश्यांना लुळे करणारा विषाणू वेगळा काढला, आणि सगळा दोष त्या कोळ्यावर टाकता येईना.

आजचा मोठा वैरी दुसराच, वरोआ. हाही कोळ्याच्याच जातीचा, पण गोचिडीसारखा अंगाला बाहेरून चिकटणारा. त्याचे पहिले वर्णन १९०४ चे, जावा बेटावरचे. मूळचा तो आपल्या सातेरी माशीच्या जातीवर राहणारा. ही माशी मोठी हुशार: कोळी अंगावरून झाडते, आणि त्याची वाढही बहुतेक नरांच्या घरांतच होते. म्हणून दोघांचे निभते. युरोपीय माशीच्या पेट्या आशियात आल्या, तेव्हा तो तिच्यावर चढला. १९८७ साली अमेरिकेत आणि १९९२ साली ब्रिटनमध्ये तो आढळला.

आता हिवाळ्याचे कोडे पाहा. उन्हाळ्यातली कामकरी माशी जेमतेम दीड महिना जगते. थंडीच्या तोंडावर जन्मलेली पाचसहा महिने. कारण तिच्या पोटातला चरबीचा साठा. वरोआ नेमका तोच खातो, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. म्हणजे पेटी मरते जानेवारीत, पण तिचे मरण ठरते ऑगस्ट-सप्टेंबरात!

युरोपात २०१२ ते २०१४ या काळात पाहणी झाली. हौसेने माश्या पाळणाऱ्यांचे हिवाळी नुकसान धंदेवाइकांच्या दुप्पट निघाले. थंडी तर दोघांना सारखीच होती. मग फरक कशाचा? आमच्या मते, वेळीच पेटी तपासण्याचा.

शिक्षक मित्रांनो, ही तपासणी मुलांना सांगण्याजोगी आहे. राणीला बाजूला ठेवून अर्धा पेला, म्हणजे सुमारे ३०० माश्या बरणीत घेतात. तोंडाला जाळी लावतात, वरून पिठीसाखर टाकतात आणि बरणी हलवतात. कोळी सुटून जाळीतून खाली गळतात, ते मोजायचे. पांढऱ्या झालेल्या माश्या मग पेटीत सोडतात, आणि त्यांच्या बहिणी त्यांना चाटून साफ करतात.