द्वेषाची नोंद : खैरलांजी ते गडचिंचले

खून झाला हे सिद्ध करण्यास प्रेत, हत्यार आणि साक्षीदार पुरेसे असतात. तो मनुष्य अमुक जातीचा, धर्माचा वा भाषेचा होता म्हणून मारला गेला, हे सिद्ध करण्यास मात्र मारणाऱ्याच्या मनात शिरावे लागते. पोलिसांपाशी त्यासाठी जी साधने असतात ती सारी शाब्दिक आहेत : प्रथम खबर, पंचनामा, जबाब, दोषारोपपत्र. कोणता शब्द लिहिला गेला आणि कोणता वगळला गेला, यावर पुढचा निकाल उभा राहतो. द्वेषमूलक गुन्ह्यांच्या तपासाचा विषय साहित्याच्या अभ्यासकांनाही परका नाही, असे आम्हांस वाटते ते यामुळेच.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात या प्रश्नाचे सर्वांत वेदनादायक उदाहरण म्हणजे खैरलांजी. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातल्या या गावी 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. शेतातून रस्ता काढण्याचा वाद जुना होता. त्यातच एका मारहाणीच्या प्रकरणात या मायलेकींनी पोलिसांपुढे आरोपींची ओळख पटवली. ते आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी हे हत्याकांड घडले. नागपूरला धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाची तयारी चालू असतानाच्या त्या दिवसांत सुरुवातीच्या काही बातम्यांनी 'अनैतिक संबंध' हेच कारण पुढे केले. प्रकरणाचे खरे स्वरूप महाराष्ट्रभर पोहोचण्यास महिना उलटला. दलित कार्यकर्त्यांची सत्यशोधनाची धडपड आणि नोव्हेंबरातील आंदोलने यांनंतर तपास सीबीआयकडे गेला. निष्काळजीपणाबद्दल काही पोलिसांवर व वैद्यकीय अधिकाऱ्यांवर कारवाई झाली.

भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर 2008 मध्ये आठ जणांना दोषी ठरवून सहांना फाशीची आणि दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. जुलै 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांचा कारावास दिला. शिक्षा झाली, तीही कठोर. तथापि दोन्ही न्यायालयांनी ॲट्रॉसिटी कायद्याखालील आरोप सिद्ध मानला नाही. हत्या सूडापोटी झाली, जातीपोटी नव्हे, हा त्यामागील तर्क.

या तर्कापाशी थोडे थांबले पाहिजे. सूड आणि जात ही दोन परस्परांना वगळणारी कारणे आहेत, असे त्यात गृहीत धरले आहे. साक्ष तर गावोगाव अनेक जण देतात. एका बौद्ध स्त्रीने दिलेली साक्ष एवढी असह्य का व्हावी, की सूडासाठी जमाव जमावा आणि घरातील तरुण मुलांनाही त्याने सोडू नये? सूडाला एवढे बळ कोठून आले हा प्रश्न तपासात वेळीच विचारला गेला नाही, तर न्यायालयापुढे तो पुराव्याच्या रूपात उभा राहू शकत नाही. जातीय शिवीगाळ कोणी ऐकली, आधीचा बहिष्कार वा दहशत यांच्या नोंदी आहेत काय, पूर्वीच्या तक्रारींचे काय झाले, हे सारे पहिल्या काही दिवसांतच टिपावे लागते. अत्याचार प्रतिबंध नियम, 1995 अन्वये अशा गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असावा लागतो, तो याचसाठी.

कायद्याच्या भाषेतही पुढे एक अर्थपूर्ण बदल झाला. 1989 च्या मूळ कायद्यात गंभीर गुन्ह्यांबाबतची अट अशी होती की पीडित व्यक्ती अनुसूचित जाती वा जमातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा घडलेला असावा. 2015 च्या दुरुस्तीने, जी 26 जानेवारी 2016 पासून अंमलात आली, तेथे ती तशी आहे 'हे माहीत असताना' अशा आशयाचे शब्द आले. 'कारण' सिद्ध करणे आणि 'जाणीव' सिद्ध करणे यांतील अंतर व्याकरणाच्या तासाला किरकोळ वाटेल. तपासी अंमलदारासाठी ते फार मोठे आहे. एका गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना परस्परांची जात ठाऊक नसते, असे कोण म्हणेल?

आता दुसरी बाजू. आम्ही ज्या वसई परिसरात शिकवतो, तेथील भुईगाव आणि डहाणू तालुक्यातील गडचिंचले ही गावे एकाच पालघर जिल्ह्यात येतात. 16 एप्रिल 2020 च्या रात्री, टाळेबंदीत, मुंबईहून सुरतेकडे अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांना गडचिंचले येथे जमावाने ठार केले. पोलीस तेथे उपस्थित होते. जमावापुढे ते अपुरे आणि हतबल ठरले. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा परिसरात आधीपासून फिरत होत्या. चित्रफीत देशभर पोहोचली आणि तपास पुरा होण्याआधीच समाजमाध्यमांतून एका धर्मसमुदायावर बोट ठेवले गेले. अखेर 22 एप्रिल रोजी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या 101 जणांची यादी जाहीर करून त्यांत एकही मुसलमान नाही, असे सांगावे लागले. पोलिसांवर निलंबन व बडतर्फीची कारवाई झाली. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला.

खैरलांजीत असलेला द्वेष वाचला गेला नाही. गडचिंचलेत नसलेला द्वेष वाचला गेला. मात्र अफवेमागेही 'परक्या'विषयीचा संशय असतोच. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेतून पाच भटक्या नाथपंथी डवरी गोसाव्यांचे बळी गेले, हे विसरता येत नाही. त्याच महिन्याच्या 17 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमण्याचे व अफवांवर आधीच लक्ष ठेवण्याचे निर्देश दिले. त्यानंतर दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच गडचिंचले घडले.

यातून वाट कशी काढावी? लंडनमध्ये एप्रिल 1993 मध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. पोलिसी तपासातील त्रुटींची चौकशी करणाऱ्या विल्यम मॅक्फर्सन यांच्या 1999 च्या अहवालाने एक साधा नियम सुचवला : पीडिताला वा अन्य कोणालाही जी घटना वंशद्वेषी वाटते, तिची तशी नोंद व्हावी. ती तशी होती की नाही, हे पुढे तपास ठरवील. नोंद म्हणजे निष्कर्ष नव्हे, हा भेद येथे महत्त्वाचा. आपल्याकडे बरोबर उलटे घडते. ठाण्यात नोंद घेताना हात आखडता आणि चौकात निष्कर्ष काढताना तोंड सैल.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने कलम 103(2) मध्ये पाच वा अधिक व्यक्तींनी वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणांवरून केलेल्या खुनाला स्वतंत्र स्थान दिले. 'धर्म' हा शब्द त्या यादीत नाही. तो 'समुदाय' किंवा 'श्रद्धा' यांत शोधावा लागतो. शिवाय येथे पुन्हा 'कारण' सिद्ध करण्याची जुनी अट परतली आहे. खैरलांजीचा धडा त्या एका शब्दात अजून शिल्लक आहे.

भुईगावच्या पंचक्रोशीत सामवेदी बोली ख्रिस्ती घरांतही ऐकू येते आणि हिंदू घरांतही. बोली सामायिक असली की द्वेष उद्भवतच नाही, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. खैरलांजीतही मारणारे आणि मरणारे एकच भाषा बोलत होते. आमचे म्हणणे एवढेच, की पीडित माणूस ठाण्यात जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत, कारणासह, त्याच दिवशी कागदावर उतरले पाहिजे. निकाल पुढे काहीही लागो; तो त्या शब्दांना सामोरा जाऊन लागावा.