शातो दिकेम : घराणे आणि व्रत

फ्रान्समध्ये बोर्दो नगराच्या दक्षिणेस असलेल्या सोतेर्न प्रदेशातील शातो दिकेम हा द्राक्षमळा इ. स. १५९३ मध्ये सोव्हाज घराण्याच्या ताब्यात आला आणि १७८५ च्या विवाहसंबंधाने ल्यूर-साल्यूस घराण्याकडे गेला. १७८८ मध्ये वैधव्य आलेल्या फ्रांस्वाज-जोसेफीन हिने राज्यक्रांतीच्या धामधुमीतही तो राखला व १८२६ मध्ये नवे मद्यकोठार बांधविले. १८५५ च्या प्रतवारीत सोतेर्नच्या मद्यांमध्ये दिकेमला एकट्यालाच सर्वोच्च श्रेणी लाभली.

या कीर्तीचे मूळ एका बुरशीत आहे. सिरों नदीचे थंड पाणी गारोन नदीस मिळते, तेथे शरदातील पहाटे धुके दाटते. त्या दमटपणात बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी पिकल्या द्राक्षांवर वाढते; त्यांतील पाणी आटते व साखर दाट होते. ही क्रिया सर्व घडांवर एकाच वेळी घडत नसल्याने तोडणी अनेक फेऱ्यांत करावी लागते, आणि एका वेलीमागे जेमतेम पेलाभर मद्य हाती येते. १९५१, १९७२, १९९२ अशा प्रतिकूल वर्षी तर दिकेमच्या नावाने मद्य काढलेच नाही.

असा त्याग परवडण्यास मालकीत एकवाक्यता हवी; वारसाहक्काने मात्र हिस्से वाढत गेले. १९९६ मध्ये अनेक भागीदारांनी आपले हिस्से एल. व्ही. एम. एच. या उद्योगसमूहास विकले व न्यायालयीन संघर्षानंतर १९९९ मध्ये मळा त्याच्या नियंत्रणाखाली गेला. तथापि २०१२ चा हंगाम बिघडला, तेव्हा नव्या मालकांनीही त्या वर्षाचे दिकेम काढले नाही. घराण्याची मालकी संपली. त्याने घालून दिलेला दंडक टिकला.